जावयाकडे पाठ

मलगा वेल
५ मे २००३

डोरीन,

थोरली बहीण जिवंत आहे की गेली, हे विचारायला तुला सवड होत नाही, म्हणून मीच कळवते की अजून आहे. फोन केला असता, पण दुकानासमोरच्या त्या एकुलत्या फोनवर बोलायचं म्हणजे अर्धं गाव ऐकतं आणि उरलेलं अर्धं मधेच बोलतं. मिशनच्या शाळेत मला लिहायला शिकवलं ते प्रार्थना उतरवून काढण्यासाठी. मी ती विद्या पोलिसांना नावं ठेवायला वापरते आहे.

गेल्या आठवड्यात माझी छाती भरली. श्वास घेतला की आत बोका गुरगुरतोय असा आवाज. आपल्याकडे नर्स मंगळवारी येते आणि आजार काही वार बघून येत नाही. कूपर्स बोअरच्या दवाखान्यात जायचं ठरलं. रोझलीनने पिकअप आणवली. चालवणार कोण, तर तिचा नवरा. दुसरं होतं कोण? गाडी चालवता येणारी निम्मी पोरं तुरुंगात आहेत, आणि तीही गाडी चालवली म्हणूनच.

आता तो पुढे असताना मी पुढे कशी बसणार? रोझलीन त्याच्या शेजारी बसली. मी मागच्या हौद्यात आडवी झाले, त्याच्याकडे पाठ केली आणि आरशात माझं तोंड दिसू नये म्हणून ताडपत्री डोक्यावरून ओढून घेतली. लग्नाला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, शब्द बोललेलो नाही, नाव घेतलेलं नाही. सासू-जावयाने मान राखायचा तो असाच. आणि हा इतका सालस, की मी दुकानात शिरले तर हातातला पाव तिथेच ठेवून मागच्या दाराने निघून जातो.

वाटेत नव्या पोलिसाने गाडी अडवली. हा गुलाबी मानेचा, त्याला इथे येऊन महिना झाला नसेल. लायसन मागितलं. लायसन नाही. लायसनची परीक्षा होते बार्लो स्प्रिंग्जला, आणि तिथे जायचं तर चार तास विनालायसन गाडी हाकावी लागते. मग त्याने ताडपत्री उचलली. खाली एक म्हातारी धापा टाकतेय.

‘मॅडम, या माणसाने तुम्हाला इथे टाकलं का?’

जावई तिथेच उभा. त्याच्यासमोर मी तोंड कसं उघडू? मी मान फिरवली.

‘तुम्हाला याची भीती वाटते का?’

मी ताडपत्री परत ओढून घेतली. झालं, पोलिसाला सगळं समजलं. रोझलीन सांगायला गेली तर म्हणाला, तू मधे पडू नकोस. मला त्याच्या गाडीतून दवाखान्यात पोचवलं, एवढं पुण्य त्याच्या पदरी घालते. 

काल कागद आला. सरकारने मला माझ्या जावयापासून संरक्षण दिलंय. त्याने माझ्याशी बोलायचं नाही, माझ्यासमोर यायचं नाही, माझ्या घराच्या शंभर मीटरच्या आत फिरकायचं नाही. मी इतकी हसले की छाती पुन्हा भरली. आजीच्या आजीपासून जो कायदा आपण पाळतो, तो यांनी आता शिक्का मारून आपल्यालाच पाठवला.

तुझी,
मर्टल

•

बार्लो स्प्रिंग्ज
१६ मे २००३

प्रिय ताई,

हसू नकोस. तुझी छाती आणि तो कागद, दोन्ही हसण्यावारी नेण्याजोगी नाहीत. तंबाखू सोड म्हणून मी सांगणार नाही, कारण तू ऐकणार नाहीस. पण कागदाचं ऐक. आपल्या कायद्यात शंभर मीटर नाहीत. यांच्या कायद्यात आहेत, आणि ते फीत घेऊन मोजतात.

मी कोर्टात दुभाष्याचं काम करते म्हणून सगळं मला कळतं असं तुझं मत आहे. सगळं नाही, पण एवढं कळतं की बाईने तोंड फिरवलं की यांच्याकडे त्याचा एकच अर्थ लिहिलेला असतो. गंमत म्हणजे तो गुलाबी मानेचा माझ्याच वर्गात होता. नव्या पोलिसांना आपल्या चालीरीती शिकवायचा एक दिवस असतो, तो मीच घेते. सासू-जावयाचं सगळं सांगितलं होतं, भिंतीवर चित्रं दाखवून. हा पहिल्या रांगेत बसून लिहून घेत होता. जाताना त्याला प्रमाणपत्रही मिळालं.

त्याला सरकारने दिलेला वकील मला भेटला, भला वाटला. तो म्हणतो, लायसनचं प्रकरण किरकोळ आहे, संरक्षणाचा कागद सहा महिन्यांत आपोआप संपेल. तोवर रोझलीनला सांग, तिच्या नवऱ्याला म्हणावं, नदीच्या पलीकडेच राहा. 

रोझलीनला सहावा महिना ना? तिला जड उचलू देऊ नकोस.

तुझी,
डोरीन

•

मलगा वेल
९ जून २००३

डोरीन,

त्याला धरून नेलं. तुझ्या शहरात आहे, कच्च्या कैदेत. आता रागावू नकोस, आधी काय झालं ते वाच.

शनिवारी त्याने कांगारू मारला. रीतीप्रमाणे केस जाळले, खड्ड्यात भाजला, वाटे केले. सासूचा वाटा शेपूट आणि मांडी. दर वेळी करतो तेच केलं. माझ्या फाटकाच्या खांबापाशी झाडाखाली पानांवर वाटा ठेवला, जाताना पत्र्यावर काठी आपटली आणि मागे न बघता गेला. काठीचा आवाज आला की मी थोडी थांबते आणि मग बाहेर जाऊन घेऊन येते. अकरा वर्षं मी अशीच मांस खातेय. जावयाने वाटा द्यायचा नाही असं त्या कागदात कुठे लिहिलंय? मी दोनदा वाचला. 

पण माझ्या आधी तो गुलाबी मानेचा पोचला. गस्तीवर होता. त्याने काय पाहिलं, तर पीडितेच्या दारात मेलेलं जनावर, अर्धवट जळलेलं, तुकडे केलेलं. आणि आरोपी पत्रा बडवत निघून जातोय. त्याने लिहून घेतलं, ‘पीडितेला दहशत बसावी म्हणून.’ मग खरोखरच फीत आणून खांबापासून माझ्या दारापर्यंतचं अंतर मोजलं. शंभर मीटर कुठले भरायला! आणि माझी शेपूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पुरावा म्हणून घेऊन गेला. डोरीन, ती शेपूट चांगली जाड होती. चौकीच्या फ्रिजमध्ये ती त्याच्या दुधाशेजारी पडलेली आहे, असं झाडूवाल्या बाईने सांगितलं.

चौकीत जाऊन मी त्याला म्हटलं, अरे बाळा, ते माझं जेवण आहे. तो म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही त्याला पाठीशी घालताय, असं पुष्कळ बायका करतात.’ हेही बहुधा कुठल्या तरी वर्गात शिकवलेलं असणार. 

इथे आता पुरुष उरलेत कोण? परवा फुटबॉलचा सामना रद्द झाला, संघच भरेना. मलगा वेलचा पूर्ण संघ पाहायचा तर तुझ्या शहरातल्या तुरुंगाच्या मैदानावर यावं लागेल. ऐकते की तिथे तो जिंकतो. जी पोरं आत गेली त्यांनी दरोडे घातलेले नाहीत. कोणी लायसन नसताना आईला आणायला गेला, कोणी तारखेला हजर राहिला नाही कारण तारीख इंग्रजीत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, इथे तर चोर शोधायचीसुद्धा तसदी घेत नाहीत.

रोझलीन दिवसभर वाळूत रेघोट्या मारते. मूल झालं तेव्हा बाप तुरुंगात होता, हे या गावात काही नवीन नाही. पण माझ्या घरात ते नको. तू कोर्टातच काम करतेस. जा आणि सांग त्यांना.

मर्टल

•

बार्लो स्प्रिंग्ज
२० जून २००३

ताई,

गेले होते. सांगता आलं नाही.

सकाळपासून मी कोर्टाच्या बाहेर बाकावर बसून होते. या शहरात आपण मूठभर, पण त्या बाकावर बसायला जागा नाही. आत जाणारा प्रत्येक जण आपला. एक गोरा आला होता, पण त्याला पोस्ट ऑफिस हवं होतं, चुकून आत शिरला. पलीकडच्या वस्तीतली कॅथी तिसऱ्या मुलाला सोडवायला आली होती आणि कारकुनाला सवयीने विचारत होती की चहाचं मशीन दुरुस्त झालं का.

मग पुकारा झाला, आणि आपल्या भाषेचा दुभाषी म्हणून मलाच आत बोलावलं. आपल्या भाषेचा दुसरा आहेच कोण? मी दारातच थांबले. कारकुनाला हळूच सांगितलं, हा माझा जावई आहे, मी आत येऊ शकत नाही.

त्याने कागद पाहिला. ‘तुमचा कसा? हा तर तुमच्या बहिणीच्या मुलीचा नवरा.’

मी म्हटलं, बहिणीची मुलगी ती माझीच मुलगी. म्हणून तो माझाही जावई.

‘मॅडम, बहिणीची मुलगी म्हणजे भाची. भाचीचा नवरा जवळच्या नात्यात धरत नाहीत. काही अडचण नाही, या तुम्ही आत.’

अडचण आहे की नाही, ते त्याने ठरवलं. मी बाहेर बसले. तू असतीस तर वेगळं काय केलं असतंस? दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. मी भिंतीकडे तोंड करून ऐकलं. 

मॅजिस्ट्रेटने विचारलं, तुला इंग्रजी कळतं का? तो हो म्हणाला. दुभाषी हवा का? हो. की दुभाष्याशिवाय चालेल? हो. ते जनावर तू ठेवलंस? हो. घाबरवायला ठेवलंस? हो. आपण चूक केली हे कळतंय ना? हो. ताई, आपली माणसं मोठ्या माणसाच्या तोंडावर नाही म्हणत नाहीत. समोरचा एकदाचा गप्प व्हावा म्हणून हो म्हणतात. त्याला वाटलं, आपण चांगलं वागलो. मॅजिस्ट्रेटला वाटलं, गुन्हा कबूल झाला. वकील त्या वेळी चहा पीत पुढच्या अशिलाचे कागद चाळत होता. भला माणूस आहे, पण त्याच्याकडे एकेका माणसाला एका घोटाइतकाच वेळ असतो.

शिक्षा अजून सुनावलेली नाही. जुलैत कोर्ट विमानाने मलगा वेलला येईल तेव्हा सुनावतील. त्या आधी पीडितेला बोलायचं असेल तर बोलू देतात. पीडिता म्हणजे तू. घाबरलेल्या बायकांसाठी एक सोय असते. मधे पडदा लावतात, म्हणजे आरोपी दिसत नाही आणि त्यालाही आपण दिसत नाही. मागितला तर देतात. 

तू बोल, ताई. नाहीतर तो वर्षभर आत जाईल असं वकील म्हणाला.

डोरीन

•

मलगा वेल
३० जून २००३

डोरीन,

म्हणजे मी घाबरलेली बाई आहे असं लिहून द्यायचं, आणि मग मी घाबरलेली नाही हे पडद्यामागून ओरडून सांगायचं. वा. हे शहाणपण सुचायला माणसाला किती पुस्तकं वाचावी लागतात?

बसेन मी. पण तू ये. तुझाही जावई आहे, आपण दोघी पडद्यामागे बसू.

मर्टल

•

बार्लो स्प्रिंग्ज
११ जुलै २००३

ताई,

मला येता येणार नाही. साहेबांकडे रजा मागितली. त्यांनी नियम काढून दाखवला की आरोपी माझ्या नात्यात असल्यामुळे मी त्या प्रकरणाच्या आसपासही जाता कामा नये. मागच्या महिन्यात जवळचं नातं नव्हतं, या महिन्यात आहे. मी विचारलं, मधे काय झालं? ते म्हणाले, दोन वेगवेगळे विभाग आहेत.

एकटीच बोल. तुझं मिशनचं इंग्रजी त्यांच्यापेक्षा बरं आहे. आणि कृपा करून टोमणे मारू नकोस.

डोरीन

•

मलगा वेल
२५ जुलै २००३

डोरीन,

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आपल्या हॉलला पायरीच नाही, त्यामुळे मी सरळ आत गेले.

बास्केटबॉलच्या रेघांवर टेबल मांडलं होतं. पडदा म्हणजे दवाखान्याचा, त्यावर हात कसे धुवावेत याची चित्रं. मी त्याच्यामागे खुर्चीत बसले, पाठ करून. पलीकडे तो असणार, खोकल्यावरून कळलं. बारीक झालाय, असं बायका नंतर म्हणाल्या. मॅजिस्ट्रेट नाकाची साल निघालेला, गोड बोलणारा माणूस. 

त्याने विचारलं, ‘तुमच्या दारात ते मेलेलं जनावर पाहिलंत, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’

मी म्हटलं, ‘भूक लागली.’

हॉल हसला. मग मी सगळं सांगितलं. हौदा, ताडपत्री, वाटा, पत्र्यावरची काठी. तो मधे बोलला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. शेवटी म्हणाला, तुम्ही अकरा वर्षं या माणसाशी एक शब्द बोलला नाहीत, हे मला समजून घेणं जड जातंय.

मी म्हटलं, ‘साहेब, मी त्याचा मान राखते म्हणून बोलत नाही. त्या दिवशी मी तुमच्या पोलिसाशीही बोलले नाही, पण तिथे मानाचा प्रश्न नव्हता.’

तू सांगितलं होतंस टोमणे नकोत म्हणून. मी एवढ्यावरच थांबले.

मॅजिस्ट्रेटला गहिवरून आलं. संरक्षणाचा कागद त्याने तिथल्या तिथे रद्द केला. म्हणाला, या थोर बाईकडून आपण शिकलं पाहिजे. पण विनालायसन गाडी आणि कोर्टाचा हुकूम मोडणं हे दोन्ही त्याने कबूल केलंय, त्याला शिक्षा द्यावीच लागेल. तुरुंगाऐवजी तीन महिने नजरकैद देतो. घरातच राहायचं, अंगणाबाहेर पाय टाकायचा नाही, पोलीस कधीही येऊन पाहतील. मी देवाचे आभार मानत होते, इतक्यात त्याने विचारलं, याचं घर कसं आहे? पोलीस म्हणाला, त्या घराला दार नाही. दार नसलेल्या घरात माणसाला कैद करता येत नाही, असा नियम आहे. ते दार तुटून दोन वर्षं झाली, हाउसिंगवाले येतात, दार तुटल्याचा फोटो काढतात आणि जातात.

मॅजिस्ट्रेट विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला असणार, कारण आवाज उजळला. म्हणाला, या बाईंच्या घराला दार आहे. त्याने सासूबाईंच्या घरीच राहावं. याहून चांगलं काय? दुरावलेलं कुटुंब एकत्र येईल.

मी पडद्यामागून म्हटलं, साहेब, ते जमायचं नाही. तो आत असला तर मला आत राहता येत नाही.

तो अगदी प्रेमाने म्हणाला, ‘तुम्हाला अजून थोडी भीती वाटते, ते मी समजू शकतो. हळूहळू जाईल.’ मग त्याला विचारलं, सासूबाईंच्या घरी राहशील ना?

तो काय म्हणाला हे तुला लिहायला हवं का?

मी पडदा बाजूला करून बाहेर येणार होते, पण पलीकडे तो होता. दुपारच्या आत कोर्ट विमानात बसून उडून गेलं. एका हाताने सासूपासून जावयाला लांब ठेवणारं सरकार दुसऱ्या हाताने त्याला तिच्या अंथरुणात आणून घालतं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

पण तो तुरुंगाबाहेर आहे. रोझलीन काल हसली. मी माझी सोय केली आहे, काळजी नसावी.

मर्टल

•

बार्लो स्प्रिंग्ज
५ ऑगस्ट २००३

ताई,

पत्र वाचून हसावं की डोकं आपटावं कळेना. पण तो सुटला हे खरं. रोझलीन त्याच्यासोबत तुझ्या घरी राहायला आली असेल. त्यांच्या त्या बिनदाराच्या घरात त्याचे भाऊ राहतात, म्हणजे तेही आपले जावईच, तिथे तुला जाता यायचं नाही. पुरुषांना मज्जाव असलेल्या त्या बायकांच्या घरात तू राहायला गेली असशील, असं मी धरून चालते. तिथे चूल आहे, गप्पा आहेत, तुझं बरंच बरं चाललं असेल. 

थंडी फार आहे यंदा. इथे सकाळी नळात पाणी गोठतं. जाड घोंगडी पाठवली आहे, विमानाने येईल.

डोरीन

•

मलगा वेल
१४ ऑगस्ट २००३

डोरीन,

नात झाली. काळीभोर, रागीट, आपल्या आईच्या तोंडवळ्याची. बाप तिच्याजवळ होता. गावातल्या बायका मोजून सांगतात की यंदाच्या मुलांत असा बाप हा एकटाच. रोझलीन तिला दिवसा माझ्याकडे आणते. गुलाबी मानेचा रोज येऊन दार ठोठावतो, जावई दारात येऊन उभा राहतो, तो खूण करून जातो. सगळं कायदेशीर चाललंय.

घोंगडी पोचली. माझी झोप छान होते. कित्येक वर्षांत इतके तारे पाहिले नव्हते.

मर्टल

•

बार्लो स्प्रिंग्ज
२२ ऑगस्ट २००३

ताई,

नातीला माझे मुके.

तारे दिसतात म्हणजे काय? बायकांच्या घराचं छप्पर उडालंय का? मी आजच हाउसिंगच्या कचेरीत तक्रार नोंदवली. ते म्हणाले, येऊन फोटो काढतील. तोवर ताडपत्री बांधून घे.

एक गंमत सांगते. आपलं प्रकरण आता पोलिसांच्या वर्गात शिकवायला घेतलंय. साहेबांनी भिंतीवर दाखवायला नवं चित्र करून घेतलं. एक म्हातारी आणि एक तरुण एका घराच्या दारात हसत शेजारी शेजारी उभे. खाली लिहिलंय, ‘समजुतीने सुटलेला प्रश्न.’ ते चित्र मलाच दाखवावं लागतं. मी ते दाखवताना खिडकीबाहेर बघते.

तुझं पत्र आलं नाही तर मी घाबरते. लिही.

डोरीन

•

अ‍ॅडलेड, हॉस्पिटल
१९ सप्टेंबर २००३

डोरीन,

छप्पर उडालं नव्हतं, बाई. छप्परच नव्हतं. बायकांच्या घराला सरकारने फेब्रुवारीतच कुलूप ठोकलंय, नवं बांधून देणार म्हणून. मी कोरड्या नदीत झोपत होते, झुडपांचा आडोसा करून, जिथून माझं घर दिसत नाही आणि घरातून मी दिसत नाही. तुला सांगितलं असतं तर तू कुठल्या तरी कचेरीत तक्रार केली असतीस, आणि त्यांनी आणखी काही चांगलं केलं असतं. त्यांच्या चांगलेपणाची मला धडकी भरली आहे.

महिनाभर निभावलं. पुढचं मला रोझलीनने फोनवर सांगितलं, कारण मला स्वतःला काही आठवत नाही. तिने पहाटे चहा आणला तर मी उठेना. ओठ निळे. वार शुक्रवार, म्हणजे नर्स नाही. तिने चौकीला फोन लावला, तो वाजत राहिला. चौकी आठला उघडते. मग तिने घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. 

त्याने मला पाहिलं नाही. बायकांनी मला हौद्यात ठेवलं, ताडपत्री घातली, आणि मग तो आला आणि पुढे बसला. रोझलीन म्हणाली, पूर्ण वाटेत त्याने आरसा उलटा करून ठेवला होता.

कूपर्स बोअरला मला उतरवलं. डॉक्टरचं विमान आलं आणि मला इथे घेऊन आलं. इथली माणसं बरी आहेत, फक्त माझं जेवण पांढरं असतं. तो मात्र तिथून सरळ गाडी घेऊन मलगा वेलला परत गेला, चौकीच्या पायरीवर बसला आणि ती उघडायची वाट पाहत राहिला. पळून जाणारा माणूस पोलिसाच्या पायरीवर बसत नाही, पण कागदावर ‘नजरकैदेतून फरार’ असंच लिहिलंय. गुलाबी मानेच्याने विचारलं, अंगणाबाहेर गेलास? हो. लायसन नसताना गाडी चालवलीस? हो. शिक्षा होईल हे माहीत होतं? हो. या वेळी सगळे होकार खरे होते, आणि नेमके हेच तेवढे त्यांना पूर्णपणे समजले.

आठ महिने. तोवर नात चालायला लागेल. रोझलीन फोनवर रडली नाही, तिने फक्त विचारलं की मला मांस कोण आणून देणार. तेव्हा मी रडले, डोरीन. नर्सला वाटलं छाती दुखतेय, तिने गोळी दिली. मला त्या पोराचा अभिमान वाटतो आणि मी ते त्याला या जन्मात सांगू शकत नाही. ते ठीक आहे. आपली रीतच तशी आहे. पण ज्याने रीत पाळली तो आत आणि ज्याने फीत आणून मोजली त्याला बढती, हे मला ठीक वाटत नाही, आणि वाटणारही नाही.

काल तुरुंगातल्या कल्याण अधिकारी बाईचा इथे फोन आला. फार गोड बोलली. म्हणाली, नजरकैदेच्या कागदावर घरमालकीण म्हणून तुमचं नाव आहे, त्यामुळे तुम्हाला खास भेटीची परवानगी मिळाली आहे. एक टेबल, दोन खुर्च्या, अर्धा तास. सरकारला आम्हा दोघांना समोरासमोर बसवायची काय हौस आहे कळत नाही.

पण मी हो म्हटलं. मीसुद्धा शिकले.

पुढच्या शनिवारी मला इथून सोडतील. विमान तुझ्या शहरात उतरतं आणि पुढचं सोमवारी आहे. तू मला घ्यायला ये आणि थेट तुरुंगावर ने. आत नाही जायचं. पूर्वेकडच्या भिंतीबाहेर निलगिरीचं झाड आहे, कॅथी तिथे बसते, तिला विचार. त्या झाडाखाली आपण दोघी भिंतीकडे पाठ करून बसू, ऊन उतरेपर्यंत. चहाचा डबा आण आणि राखेतली रोटी आण.

रोझलीन त्याला फोन करते तेव्हा तिला म्हणावं, त्याला एवढं सांग. शनिवारी दुपारी भिंतीपलीकडे त्याच्या दोन्ही सासवा येऊन बसणार आहेत. त्यानेही तिकडून भिंतीला पाठ लावून बसावं. पहारेकऱ्याने येऊन काही विचारलं, तर नेहमीसारखं हो म्हणावं.

तुझी,
मर्टल